नाव कोरण्यापुरती जागा

रहिमतपुरात एका सेनानीची कबर आहे. रणदुल्लाखान हे त्याचं नाव. विजापूरच्या महंमद आदिलशहाचा हा मातब्बर सरदार. १६३८ मध्ये शहाजीराजांच्या सोबतीनं त्यानं केंपेगौडाचं बंगळूर जिंकलं. रहिमतपुरातली मशीद आणि तिच्याजवळची घुमटाची इमारत त्याच्या नावानं ओळखली जाते. तिथंच हत्तीची मोट आहे. उतरत्या भरावावरून हत्ती मोट ओढायचा आणि जवळपास पन्नास फूट उंच चढवलेलं पाणी मशिदीच्या कारंज्याला जायचं. एका लढवय्याच्या विसाव्याजवळ पाणी खेळतं राहावं म्हणून कुणीतरी एवढा खटाटोप केला. आदिलशाही गेली, मोट थांबली, पण रणदुल्लाखान कुठे आहे हे गावातलं शाळकरी पोरही सांगतं.

याच गावाच्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या रस्त्यांवर तुम्हाला दुसरे सैनिक भेटतील. ताठ कण्याचे, काटेकोर मिशीचे, सत्तरी ओलांडली तरी पहाटे पाचला उठून फिरायला जाणारे. कुणी मराठा लाइट इन्फंट्रीत होता, कुणी तोफखान्यात, कुणी सिग्नलमध्ये. पंधरा-सतरा वर्षं, काहींनी त्याहूनही जास्त, लडाखपासून नागालँडपर्यंत काढलेली. गावात त्यांना ‘मिलिटरीवाले’ किंवा नुसतं ‘फौजी’ म्हणतात. यांतला एखादा जातो, तेव्हा तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनेची माणसं गोळा होतात, चितेला अग्नी दिला जातो, तिसऱ्या दिवशी रक्षा सावडतात, दहाव्याला नदीकाठी कावळा शिवायची वाट बघतात. आणि मग काहीच उरत नाही. घरातल्या भिंतीवर हार घातलेला फोटो आणि ट्रंकेच्या तळाशी डिस्चार्ज बुक, एवढंच.

या प्रकरणाचा विषय हा सैनिक आहे. लढाईत पडलेला नव्हे, लढून घरी परतलेला. त्याच्या मरणानंतर देशानं त्याच्यासाठी कुठे जागा ठेवावी का, आणि ठेवायची तर ती कशी असावी?

अमेरिकेनं या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच शोधायला घेतलं. यादवी युद्ध चालू असताना, १८६२ मध्ये, सैनिकांसाठी राष्ट्रीय दफनभूमी उभारण्याचा कायदा झाला. १८६४ मध्ये वॉशिंग्टनपासून नदीपलीकडे असलेल्या आर्लिंग्टनच्या इस्टेटीत पहिलं दफन झालं. ती इस्टेट शत्रुपक्षाचा सेनापती रॉबर्ट ली याच्या कुटुंबाची होती. सुरुवातीला या जागा युद्धात मेलेल्यांसाठीच होत्या. हळूहळू कायदा रुंदावत गेला आणि सन्मानानं सेवामुक्त झालेल्या प्रत्येक सैनिकाचा तिथं हक्क मान्य झाला. तो रणांगणात मेला की म्हातारपणी अंथरुणावर, याला महत्त्व राहिलं नाही. जागा, दगड, दफनाचा खर्च आणि पुढची कायमची निगराणी सरकारची. नवी दफनभूमी कुठे काढायची याचाही हिशेब ठरलेला आहे. पंचाहत्तर मैलांच्या टापूत ऐंशी हजारांवर माजी सैनिक राहतात आणि त्यांना जवळची सोय नाही, असं दिसलं की तिथं जमीन शोधायची. घरच्यांना एका दिवसात जाऊन परत येता यावं, हा त्यामागचा साधा विचार. नव्या दफनभूमींत कबरींच्या रांगांबरोबर राखेचे कलश ठेवण्यासाठी कोनाड्यांच्या भिंतीही बांधतात, कारण तिकडेही दहन करणाऱ्यांची संख्या वाढते आहे.

या व्यवस्थेतली मला सगळ्यांत भावलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. दगडाच्या पुढच्या बाजूला सैनिकाचं नाव असतं आणि त्याच दगडाच्या मागच्या बाजूला त्याच्या बायकोचं. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

आपल्याकडे असं का नाही, असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: आपण जाळतो, ते पुरतात. उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. जाळणारा समाज स्मृतीची जागाच ठेवत नाही, असं म्हणायचं असेल तर साताऱ्याहून वाईकडे जाताना थोडी वाट वाकडी करून चंदन-वंदनच्या पायथ्याचं किकली गाव बघावं. तिथं भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळ आहेत, दोन-चार नव्हेत तर कितीतरी. दगड खालून वर वाचायचा. सगळ्यांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला. वरच्या चौकटीत लढाई, ढाल-तलवारी, कधी घोडा, कधी पळवून नेली जाणारी गुरं. त्याच्या वर अप्सरा त्याला हाताला धरून नेताहेत. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. माथ्यावर कलश आणि बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे हे आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहील.

वीरगळाखाली देह नसतो. देह केव्हाच राख होऊन नदीला मिळालेला असतो. उरतं ते कृत्य, आणि ते दगडावर चढवायला आपले पूर्वज आळसले नाहीत. यादवांच्या, शिलाहारांच्या काळात गावोगावी हे दगड उभे राहिले. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. म्हणजे देहाविना स्मारक ही कल्पना आपल्याला कुणी बाहेरून शिकवलेली नाही. ती याच काळ्या दगडातली आहे.

पण वीरगळांसमोर थोडा वेळ उभं राहिलं की दोन गोष्टी टोचायला लागतात. बहुतेक दगडांवर नाव नाही. कोण पडला, कुणाचा मुलगा, कुठल्या वर्षी? दगड बोलत नाही. आणि दुसरी, हा मान पडलेल्यालाच आहे. ज्यानं त्याच दिवशी, त्याच वेशीवर तलवार चालवली आणि जखमा बांधून घरी आला, पुढे तीस वर्षं शेत कसलं, त्याच्यासाठी दगड नाही.

नावाचा हा प्रश्न पुढेही आपला पिच्छा सोडत नाही. खटाव तालुक्यातलं भोसरे हे प्रतापराव गुजरांचं गाव. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर ते सहा साथीदारांनिशी तुटून पडले आणि सातही जण मारले गेले. कुसुमाग्रजांच्या कवितेनं आणि मंगेशकरांच्या आवाजानं ही घटना घराघरांत पोचवली. नेसरीला स्मारक आहे, भोसऱ्याला अभिमान आहे. पण त्या सहा जणांची नावं काय, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. सात वीर म्हणताना आपण खरं तर एकाचं नाव घेतो आणि सहा मोजतो.

मोजणं आणि नाव घेणं यांतला हा फरक पहिल्या महायुद्धात फार मोठा झाला.

सातारा जिल्ह्यातलं आपशिंगे गाव. नावापुढे ‘मिलिटरी’ लावल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही. जवळजवळ प्रत्येक घरातून कुणीतरी सैन्यात गेलेलं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, असं गाव सांगतं. त्या युद्धानंतर इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या अनेक गावांत छोट्या शिळा बसवल्या. या गावातून इतके पुरुष युद्धाला गेले, त्यांतले इतके मेले, असा मजकूर. आकडे कोरले, नावं कोरली नाहीत. एवढा एक आकडा वाचून गावातल्या कुठल्या आईला आपला मुलगा सापडला असेल?

ते गेले कुठे? बरेचसे आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात. मराठ्यांच्या अनेक पलटणी तिथं होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा इथं ब्रिटिश सेनानी टाऊनशेंडच्या फौजेला तुर्कांनी वेढलं, त्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी अडकल्या. वेढा पाच महिने चालला. उपासमार, स्कर्व्ही, ताप. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि कैद्यांची वाळवंटातून पायपीट सुरू झाली. त्या वाटेवर आणि कैदेत किती मेले याच्या कहाण्या अंगावर काटा आणतात. ११७ व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. ज्या शेतकऱ्याच्या पोरानं कुतमध्ये प्राण सोडला, त्याच्या घरी बहुधा एक कागद आणि एक कांस्याचं वाटोळं पदक पोचलं असेल.

त्याच सुमारास, २१ मे १९१७ रोजी, लंडनमध्ये युद्धकबरींचा आयोग स्थापन झाला. आज तो कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून ओळखला जातो. त्याचं तत्त्व त्या काळाच्या मानानं क्रांतिकारक होतं. प्रत्येक मृताला नावानिशी आठवायचं, कबर असेल तर दगडावर, नसेल तर स्मारकाच्या भिंतीवर, आणि हुद्दा, वंश, धर्म यांत भेद करायचा नाही. जनरल आणि साधा शिपाई यांच्या दगडाची उंची एकच.

फ्रान्समध्ये हे तत्त्व बरंच पाळलं गेलं. नव शापेलच्या स्मारकावर, जे १९२७ मध्ये खुलं झालं, साडेचार हजारांहून अधिक हिंदी सैनिकांची नावं आहेत. पण बसऱ्याच्या स्मारकावर, जिथं मेसोपोटेमियात कबर न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे, हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, शिपायांची पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते सगळं स्मारक बसऱ्याहून उचलून बत्तीस किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्याला, वाळवंटात हलवलं गेलं. तेव्हाही हलले ते आकडेच. एप्रिल २०२१ मध्ये आयोगानं स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल आला. ४५ ते ५४ हजार मृतांची नोंद इतरांच्या बरोबरीनं झाली नाही आणि आणखी किमान १ लाख १६ हजारांची नावानं नोंद झालीच नाही, किंवा कदाचित कुठलीच नोंद झाली नाही, असं त्यात मान्य केलं गेलं. हे बहुतेक सगळे हिंदी आणि आफ्रिकी होते. आयोगानं माफी मागितली.

आता पुण्यात या. खडकीची युद्ध दफनभूमी याच आयोगाची. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी पुरलेले, जिथं कबरींची कायम निगा राखणं शक्य नव्हतं, असे सैनिक इथं एकत्र आणले गेले. सोळाशेहून अधिक कबरी. हिरवळ कापलेली, फुलझाडं राखलेली, प्रत्येकाला आपला दगड. स्कॉटलंडच्या कुठल्या खेड्यातला एकोणीस वर्षांचा पोरगा इथं नावानिशी झोपला आहे, आणि त्याच्या कबरीची मशागत वर्षानुवर्षं आपलीच माणसं करत आली आहेत. त्यात वाईट काही नाही, उलट फार चांगलं आहे. फक्त त्या दगडांमधून फिरताना मला बसऱ्याची भिंत आठवत राहते.

चूक दुरुस्त करता येते, हेही आपण बघितलं आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या इस्पितळात मेलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना तिथल्या टेकडीवर अग्नी दिला गेला. १९२१ मध्ये त्या जागी संगमरवरी छत्री उभारली. छत्री सुंदर होती, पण तिच्यावर नावं नव्हती. २०१० मध्ये तिच्या शेजारी नवी शिळा बसवून ती ५३ नावं कोरली गेली. नव्वद वर्षांनंतर का होईना, दहन झालेल्या माणसांनाही नावाची जागा मिळाली. देह नसला तरी चालतं, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

दुसऱ्या महायुद्धातले नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांनी एकट्यानं शत्रूची मशीनगन गप्प केली आणि तिथंच गोळी लागून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे, माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघडी उभारली. ज्या गावाच्या रानात हा कोकणी पोरगा पडला, त्या गावाला एकोणऐंशी वर्षांनंतर त्याची आठवण ठेवावीशी वाटली.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत आपले सैनिक बहुतेकदा जिथं पडले तिथंच, सीमेजवळ, अग्नीच्या स्वाधीन झाले. १९६२ मध्ये रेझांग लाच्या बर्फात १३ कुमाऊँचे ११४ जण पडले, त्यांतल्या बहुतेकांचे देह सापडले पुढच्या वर्षी, बर्फ वितळायला लागल्यावर, आणि बहुतेक चिता तिथंच पेटल्या. घरी तार यायची. कधी अस्थी यायच्या, कधी पेटी. मोठ्या प्रमाणावर देह गावी आणायची रीत रुळली ती १९९९ च्या कारगिल युद्धात. तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी, लोटलेली गर्दी, बंदुकांची सलामी, हे दृश्य आज आपल्या इतकं ओळखीचं झालं आहे की ते जुनंच असावं असं वाटतं. सातारकरांना नोव्हेंबर २०१५ मधला पोगरवाडीचा दिवस आठवत असेल. कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना वीरगती मिळालेले कर्नल संतोष महाडिक, साताऱ्याच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी, त्यांच्या गावच्या मातीत परत आले. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक प्रशिक्षण पूर्ण करून स्वतः लष्करी अधिकारी झाल्या.

आणि राष्ट्रीय पातळीवर? इंडिया गेट इंग्रजांनी बांधलं. पायाभरणी १९२१ मध्ये, उद्घाटन १९३१ मध्ये. त्यावर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत, पण ती साम्राज्यासाठी मेलेल्यांची. १९७१ च्या विजयानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी, त्याच कमानीखाली अमर जवान ज्योत पेटली. पुण्यातल्या नागरिकांनी वर्गणी काढून दक्षिण कमांडच्या परिसरात युद्धस्मारक उभारलं आणि ते १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुलं झालं. याचं मला फार मोल वाटतं, कारण सरकारची वाट न बघता लोकांनी ते केलं. दिल्लीतलं राष्ट्रीय युद्धस्मारक त्यानंतर आलं. कित्येक दशकांच्या मागणीनंतर २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचं उद्घाटन झालं. इंडिया गेटजवळ चाळीस एकरांवर चार वर्तुळं आहेत. अमर चक्रात ज्योत, वीरता चक्रात लढायांची शिल्पं, त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या पाट्यांवर एकेक नाव, आणि सगळ्यांत बाहेर रक्षक चक्र, ते सहाशेहून अधिक झाडांचं. उद्घाटनावेळी २५,९४२ नावं होती. प्रत्येक नावाबरोबर हुद्दा आणि पलटण. साताऱ्यातलं एखादं कुटुंब दिल्लीला जाऊन आपल्या माणसाच्या पाटीवर हात ठेवतं, तेव्हा तिथं घडतं ते बसऱ्याच्या भिंतीपाशी कधीच घडू शकलं नाही.

इथंच आपल्या मूळ प्रश्नाला धार येते. त्याग चक्र पडलेल्यांचं आहे, आणि ते तसंच असायला हवं. पण किकलीच्या वीरगळांपासून दिल्लीच्या ग्रॅनाइटपर्यंत आपली सगळी परंपरा रणात पडलेल्यापाशी थांबते. परतलेल्याला पेन्शन मिळते, कँटीनचं कार्ड मिळतं, दवाखान्याची सोय मिळते. हे सगळं जिवंतपणीचं. मरणानंतर तो कुठेच उरत नाही.

माझं म्हणणं असं की आपल्याला आर्लिंग्टन नको. एक देश, एक विस्तीर्ण हिरवळ, हजारो पांढरे दगड, हे आपल्या मातीत रुजणार नाही. इथला माणूस आपल्या गावच्या ओढ्याकाठी, आपल्या बापाला जिथं अग्नी दिला तिथंच जाऊ इच्छितो, आणि तो हट्ट मोडायचं काही कारण नाही. आपल्याला हवी आहे ती नाव कोरण्यापुरती जागा, तालुक्या-तालुक्याला. अमेरिकेतल्या पंचाहत्तर मैलांच्या हिशेबातलं मर्म तेवढं घ्यावं. नातवाला एसटीनं जाऊन दुपारपर्यंत परत येता यावं. कोरेगाव तालुक्याची असेल तर ती रहिमतपुरात का नसावी? बाजारपेठ आहे, पुणे-मिरज मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे, आणि एका सेनापतीला पावणेचारशे वर्षं सांभाळण्याची सवय आहे.

त्या जागेत काय असावं? दगड आपल्याकडचाच, काळा बेसाल्ट, किकलीचे वीरगळ ज्याचे आहेत तो. त्यावर पूर्ण नाव, म्हणजे आपल्या पद्धतीनं वडिलांच्या नावासकट. गाव. पलटण. भरती झाल्याचं साल, सेवामुक्त झाल्याचं साल, आणि शेवटचं साल. एवढी माहिती कुठल्याही घरातल्या डिस्चार्ज बुकात असते. अडचण एकच आहे, की ही पुस्तकं वाळवीच्या तोंडी जात आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे नोंदी असतात, पण आजोबांच्या वेळची, स्वातंत्र्यापूर्वी भरती झालेली माणसं त्यांत क्वचितच सापडतात. म्हणून नावं गोळा करायचं काम दगडाच्या आधी सुरू व्हायला हवं, आणि ते घरोघर जाऊनच होईल. पाकिस्तानातल्या लाहोरच्या संग्रहालयात पंजाबातून पहिल्या महायुद्धाला गेलेल्या ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदवह्या सापडल्या, त्यांतल्या काही २०२१ मध्ये लोकांसाठी खुल्या झाल्या आणि परदेशांत राहणाऱ्या पंजाबी कुटुंबांना आपले पणजोबा सापडले. गावाचं नाव टाका, वह्यांतली माणसं उभी राहतात. आपल्याकडेही आपशिंग्याच्या त्या ४६ जणांना असं नावानिशी उभं करता यायला हवं.

झाडं असावीत. सातारा-सांगलीकडे अलीकडे अनेक घरांत रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा करून त्यात पुरतात आणि वर आंब्याचं नाही तर नारळाचं रोप लावतात. नदी वाचते आणि माणूस घराजवळ राहतो. ज्यांना तसं हवं असेल त्यांच्या मूठभर रक्षेवर त्या जागेत एकेक झाड वाढावं. दिल्लीच्या रक्षक चक्रातल्या झाडांना सैनिक म्हटलं आहे. इथं प्रत्येक झाडाला माणसाचं नाव असेल.

आणि दगडाची मागची बाजू. सुट्टी संपली की तो निघून जायचा आणि ती राहायची. सासू-सासऱ्यांचं दुखणं, पोरांच्या शाळा, पेरणी, पाणी, भावकीतले बांधावरचे वाद, सगळं तिनं पंधरा-सतरा वर्षं मनिऑर्डरच्या आणि आंतर्देशीय पत्रांच्या आधारानं निभावलं. युद्धाच्या दिवसांत पोस्टमनची सायकल दारापुढून न थांबता गेली तर तिच्या जिवात जीव यायचा. तिची कुठल्या पलटणीत नोंद नाही, डिस्चार्ज बुकात एका रकान्यात तिचं नाव येतं तेवढंच. त्या काळ्या दगडाच्या मागच्या बाजूला तिचं नाव कोरावं, तिच्या माहेरच्या गावासकट.